गुडघ्याची तारीख

गुडघा बदलायच्या यादीत नाव लागून आजींना अडीच वर्षं झाली होती. दर महिन्याला लेक गॅलरीत जाऊन हॉस्पिटलवाल्यांना फोनवर फैलावर घ्यायची, "माझ्या आईनं अजून किती दिवस कळ काढायची?" आत बसलेल्या आजींचा ऊर भरून यायचा. पोटची पोर असावी तर अशी!

आज मात्र लेक ऑफिसला गेल्यावर आजी धाकट्या नातवाला कडेवर घेऊन स्वतःच लंगडत हॉस्पिटलात आल्या. खिडकीपाशी त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला, "माझ्या मुलीला दाद देत नाही होय तुम्ही?"

कारकुनानं नोंद काढून वाचली. "आजी, तारीख तीनदा दिली होती. तिन्ही वेळा तुमच्या मुलीनंच पुढे ढकलायला सांगितलं. म्हणाल्या, धाकटा शाळेत जायला लागेपर्यंत आईला जमायचं नाही."

आजींनी धाकट्याला कडेवरून उतरवून खिडकीच्या फळीवर बसवलं.

"नवी तारीख लिहा, आणि तो मुलीचा नंबर खोडा," त्या म्हणाल्या. "पण खोडायच्या आधी त्यावर एक फोन करा. म्हणावं, पोराला घेऊन जा."