माजघराचा रंग

"ह्यातला हिरवा कुठला?" रेश्माने शेडकार्ड पोरापुढे धरलं.

आप्पाने कार्डाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "हत्ती," म्हणाला आणि माजघरातल्या खांबामागे पळाला.

चार वर्षांचं पोर. वारलेल्या आजोबांचं नाव ठेवलेलं, म्हणून घरात सगळे त्याला आप्पाच म्हणायचे. रेश्माने कार्डाची घडी घातली, परत उघडली.

गुंडा पेंटर शिडीच्या पायरीवर बसून वाट बघत होता. सागवानी खांबांवरचा आणि तुळयांवरचा जुना ऑइलपेंट त्याने खरवडून काढला होता. वरच्या लाकडी तक्तपोशीला पॉलिश चढलं होतं. भिंतींची पुट्टी वाळली होती. राहिला होता नुसता रंग, आणि तोच रेश्माच्याने ठरत नव्हता.

"रंग लावायचाय का सोयरीक जमवायचीय?" सासूने, गोजरबाईंनी, सकाळीच विचारून घेतलं होतं. नीळ घातलेल्या चुन्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं आणि भिंतींनी कधी तक्रार केली नव्हती. रेश्माने त्यांना समजावलं होतं, की आत्या, पांढऱ्या भिंतीवर एवढं लाकूड अंगावर येतं, आणि पिवळ्यात खोलीला कावीळ झाल्यासारखं वाटतं. ते खोटं नव्हतं. पण अडलं होतं दुसरीकडेच.

रविवारी अभिमन्यू पोराला घेऊन रंगाच्या दुकानात गेला होता. हसतच परत आला. आप्पाने दुकानात तमाशा केला म्हणे. तांबड्या डब्याला हिरवा म्हणत होता, कितीदा सांगितलं तरी हट्ट सोडेना, शेवटी दुकानदारसुद्धा हसायला लागला.

सगळे हसले. रेश्मा तेवढी कपबशी उचलून आत गेली.

तिचा भाऊ सयाजी रेल्वेच्या लेखी परीक्षेत पास होऊन मेडिकलला नापास झाला होता. ठिपक्यांमधला आकडा त्याला दिसेना. तांबडं आणि हिरवं त्याला एकच होतं. अकलूजच्या तिच्या माहेरच्या माणसांनी तिच्या लग्नाच्या बैठकीत सांगितलं, पोराचं वजन कमी भरलं. रेश्मा प्राणीशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. हा दोष आईकडून मुलात उतरतो, आई स्वतः धडधाकट राहते, हे तिने परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं.

आणि हे घर इंजिन ड्रायव्हरांचं. सासऱ्यांनी हयातभर इंजिन चालवलं. अभिमन्यू मालगाड्या चालवतो. आप्पा तिसरा, असं गोजरबाईंनी गल्लीत कधीच जाहीर करून टाकलं होतं.

त्यात घरात आधीच एक झाकपाक चालू होती. अभिमन्यूच्या मानेतल्या गाठी टीबीच्या निघाल्या होत्या. रेल्वेच्या दवाखान्यात सांगितलं तर गाडीवरून खाली बसवतील, म्हणून खासगी डॉक्टरांच्या गोळ्या. त्या रोज सकाळी रेश्माच काढून द्यायची, सासूची पाठ फिरली की. ह्या गोळ्या डोळ्यांवर जातात, महिन्याला नजर तपासून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं; ते राहूनच गेलं होतं. आता त्यावर हे. एका घरात माणूस किती झाकणार?

तेव्हापासून ती पोराच्या मागे कार्ड घेऊन फिरत होती. बरोबर सांगितलं, तर वाटायचं जागा पाठ झाली असेल. चुकला, तर पुन्हा पहिल्यापासून विचारायची. हत्ती म्हणाला, तर काहीच कळायचं नाही.

ती उठली. "गुंडाभाऊ, समोरच्या भिंतीवर दोन पट्टे मारा. एक शेवाळी हिरवा, एक विटकरी. चांगले मोठे."

"मारतो की वैनी. पण आज ठरवा बगा."

दुपारचं ऊन झरोक्यातून नेमकं त्या भिंतीवर उतरलं होतं. रेश्माने शेंगापोळीचा तुकडा पदराआड धरला आणि आप्पाला दोन्ही पट्ट्यांपुढे उभं केलं. हिरव्याला हात लावायचा, मग पोळी.

आप्पाने तळहात थेट शेवाळी रंगावर आपटला. गुंडाने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं.

तिने त्याला गोल फिरवलं, डोळे झाकले, उघडले. आता तांबडा. दुसरा तळहात विटकरीवर. पुन्हा फिरवलं. पुन्हा बरोबर. मग ताटाखालची चटई, सासूच्या बांगड्या, खिडकीतली मिरची. पोरगं धडाधड सांगत सुटलं आणि शेवटी पोळीसाठी रडायला लागलं.

रेश्मा खांबाला टेकून खालीच बसली. हसू आवरेना. रविवारी बापाची मस्करी केली असणार, दुसरं काय? भरल्या हातांच्या पोराला तिने तसंच छातीशी धरलं.

"याड लागलं का गं?" गोजरबाईंनी स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं. "नवी साडी हाय ती."

"असू दे आत्या. ठरला रंग. हिरवा. लाकूड त्यात कसं शांत दिसेल बघा."

गुंडाने डबा ओढला, पण झाकण उघडेना. मालकांना एकदा दाखवा म्हणाला, मागनं माझ्या बोकांडी नको.

अभिमन्यू ड्युटीचे कपडे करून बाहेरच येत होता. रेश्माने त्याला हाताला धरून भिंतीसमोर उन्हात उभं केलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्याच्याशी मोकळं बोलत होती.

"सांगा बघू. हिरवा का विटकरी?"

त्याने दोन्ही पट्टे नीट बघितले. जरा मागे सरून बघितले.

"हिरवाच," तो म्हणाला. "विटकरीत लाकूड बुडून जाईल."

"मी तेच म्हणत होते."

तो पुढे झाला, विटकरी पट्ट्यावर बोट टेकवून गुंडाला म्हणाला, "हाच हिरवा. दोन हात मार," आणि बॅग खांद्याला अडकवून होटगीला मालगाडी घ्यायला निघून गेला.