बारा नंबरची मादी

बारा नंबरच्या नमुन्याचा आकडा अनुजाने तिसऱ्यांदा वाचला आणि मशीन बंद करून परत सुरू केलं.

"मामा, एकदा कोरा नमुना चालवा. आधीचं काहीतरी आत चिकटून राहिलं असेल."

आकारामने काही न विचारता कोरी कुपी लावली. प्रयोगशाळेत तो वीस वर्षं मदतनीस होता. नमुने वितळवणं, त्यातली चरबी वेगळी काढणं, कुप्यांवर नंबर घालणं, सगळं त्याच्याच हातचं. अर्ध्या तासाने निकाल आला. कोऱ्या नमुन्यात काहीच नव्हतं. मशीन ठीक होतं.

मग बारा नंबर पुन्हा लावला. आकडा तोच आला.

डॉ. अनुजा सरनोबत चार वर्षं किनाऱ्यालगतच्या छोट्या डॉल्फिनांवर काम करत होती. कोकणात जाळ्यात अडकून मेलेल्या, वाळूवर येऊन पडलेल्या माद्यांचं दूध आणि चरबी बर्फाच्या पेटीतून घाट चढून कोल्हापूरला यायची, कारण तपासायचं मशीन इथं होतं. फवारणीचं जुनं विष पाण्यातून माशांत जातं, माशांतून डॉल्फिनच्या चरबीत साठत राहतं. ते किती साठलंय, एवढंच तिला शोधायचं होतं. आतापर्यंतच्या अकरा माद्यांच्या दुधात ते थोडंथोडं सापडलं होतं. बारा नंबरमध्ये त्यातल्या सगळ्यात वाईट मादीच्या सहापट निघालं.

"सहापट," ती म्हणाली.

"लई वाईट हाय काय, मॅडम?"

"आपल्याकडं असं कधी आलेलं नाही."

ती स्टुलावर टेकली. पुढच्या आठवड्यात मुंबईला बैठक होती. सगळ्या किनाऱ्याची तपासणी करा, असं ती दोन वर्षं सांगत होती आणि समितीतले लोक चहा पिऊन उठत होते. हा आकडा बघितल्यावर कोणी उठणार नव्हतं. तिला आनंद झाला. लगेच त्याची लाज वाटली, पण आनंद काही गेला नाही.

तिने टिपण काढायला घेतलं. दूध फार पातळ होतं. डॉल्फिनचं दूध सायीसारखं दाट असतं. मादी बरेच दिवस उपाशी असावी, असं तिने लिहिलं.

आकाराम बेसिनपाशी काचेचं भांडं धुवत उभा होता. बराच वेळ तेच भांडं धुवत होता.

"मॅडम, मागं तुम्ही त्या कालेजच्या पोरांना सांगत हुता. पयल्या पिल्लाचं."

"हो. आईच्या अंगात आयुष्यभर साठलेलं पहिल्या वेळेला दुधातून बाहेर पडतं. ती हलकी होते. दुसऱ्याला कमी मिळतं, तिसऱ्याला त्याहून कमी."

"म्हंजी सगळं पयल्याच्या वाट्याला."

"बरंचसं."

"मग त्येचं वजन वाढत न्हाय, त्ये ह्येच्यामुळंच काय?"

"असू शकतं. वजन, ताकद, सगळ्यावरच परिणाम होतो." ती लिहीत होती. मान वर न करता तिने विचारलं, "का हो?"

"काय न्हाय. इचारलं आपलं." त्याने नळ बंद केला. "पाजायचं बंद केलं तर?"

अनुजा हसली. "समुद्रात जाऊन तिला कोण सांगणार, मामा? आणि ती तर मेलेलीच आहे."

आकाराम हसला नाही.

"पिल्लू जगलं आसंल?"

"एवढं विष पिऊन? मला नाही वाटत."

त्याने भांडं फडक्यावर पालथं घातलं, हात पुसले आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

टिपण पुरं झालं. आता फक्त ठिकाण लिहायचं होतं. अनुजाने नोंदवही उघडली. अकरा नंबरपर्यंत सगळं नीट होतं. तारीख, किनारा, मादीची लांबी, कोणी पाठवलं ते. बारा नंबरपुढची ओळ कोरी होती.

"मामा, बाराची नोंद कुठं आहे?"

"लिवायचं राह्यलं."

वीस वर्षांत त्याचं असं काही राहिलं नव्हतं, म्हणून तिला राग आला नाही. तिने सरळ मालवणला फोन लावला. तिथला पशुवैद्य राजवर्धन सगळे नमुने स्वतः भरून पाठवायचा.

"राजवर्धन, बारा नंबरची मादी कुठल्या किनाऱ्यावर मिळाली?"

"बारा? मॅडम, आम्ही दुधाचे अकराच नमुने पाठवलेत. दुसरं कोणीच पाठवत नाही. यादी बघून सांगतो हवं तर."

तिने फोन ठेवला. बैठक, समिती, सगळं एकदम लांब गेलं. नमुना कोणाचा हेच माहीत नसेल, तर आकड्याला किंमत नव्हती. कोणीतरी काहीतरी मिसळलं असेल, तर चार वर्षांच्या कामावर संशय येणार होता.

"मामा, इकडं या. खरं सांगा. मी कोणाला काही बोलणार नाही. ही कुपी कुठून आली?"

आकाराम आला. तिच्यासमोरची खुर्ची ओढून तो बसला. चार वर्षांत तो तिच्यासमोर कधी बसला नव्हता.

"उचगावास्नं."

"उचगाव? हे आपलं, हायवेजवळचं?"

"व्हय."

"उचगावला कुठला समुद्र, मामा?"

"समुद्र न्हाय, मॅडम," आकाराम म्हणाला. "सून हाय माझी. सव्वा महिन्याची बाळंतीण."