सगळे आले का?

दीपगृहाच्या वरच्या गॅलरीतून सिस्टरना आपल्या सहलीची बस निघून जाताना दिसली.

आधी त्यांना वाटलं, ड्रायव्हर गाडी सावलीत लावत असेल. पण निळी बस फाटकातून बाहेर पडली, किनाऱ्याच्या रस्त्याला लागली आणि वळणावर तिचा इंडिकेटरही रीतसर लुकलुकला. बाकीची मंडळी वर येऊन, फोटो काढून केव्हाच उतरली होती. सिस्टर दर वीस पायऱ्यांना दम खात एकशे बासष्ट पायऱ्या चढल्या होत्या. तरी गाईडने दिलेल्या वेळेतली दहा मिनिटं अजून शिल्लक होती. हाक मारण्यात अर्थ नव्हता. त्या वाऱ्यात त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नसता.

चूक कुठे झाली ते त्यांना तिथल्या तिथे कळलं. गाईड माणसं मोजत नव्हता, विचारत होता. कुठूनही निघताना दारात उभं राहायचं आणि एकेका कुटुंबाला हाळी द्यायची. बँकवाले, तुमचे सगळे आले का? बँकेतले साहेब मान मागे न वळवताच आले म्हणायचे. डॉक्टर? डॉक्टरीणबाई बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत आपली सहा माणसं मोजायच्या आणि हो म्हणायच्या. नवं जोडपं तर विचारायच्या आधीच हसायचं. की सुटली बस. सिस्टरना विचारायचं कोणाला सुचतच नव्हतं, कारण त्या एकट्या आल्या होत्या आणि कोणाच्याच माणसांत धरलेल्या नव्हत्या.

त्यांची तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात गेली होती. टाके घालण्याआधी रक्त टिपायच्या गॉजचे तुकडे मोजायचं काम त्यांचं. पोटाला विचारायचं नसतं, सगळे बाहेर आले का म्हणून. मोजायचं असतं, असं त्या नव्या पोरींना सुनावायच्या. सकाळी वस्तुसंग्रहालयापाशी हे गाईडलाही सांगावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण सहलीला येऊन कुठे शिस्त शिकवत बसायचं, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

शहर एवढंसं. वरून सगळं एका नजरेत मावत होतं. जेट्टी, बाजाराचं पत्र्याचं छप्पर आणि त्याच्या पलीकडे मत्स्यालयाचा पांढरा घुमट. बस तिथे थांबली. तिळाएवढी माणसं खाली उतरली. सिस्टर कठडा धरून बघत राहिल्या. आता कोणाच्या तरी लक्षात येईल. शेजारच्या सीटवरच्या डॉक्टरीणबाईंना गाडी लागते म्हणून सकाळी सिस्टरनीच गोळी दिली होती, त्या तरी विचारतील, इथल्या बाई कुठे गेल्या. मग बस वळेल. एवढंच हवं होतं. बस चुकल्याचं त्यांना काही नव्हतं, आपण नाही हे कोणाला कळतं का, ते बघायचं होतं.

सगळे तीळ घुमटाखाली गेले. बस झाडाखाली उभी राहिली.

सिस्टरना फार वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग धरावा इतकी कोणाशी ओळखही नव्हती. त्या एकशे बासष्ट पायऱ्या उतरल्या आणि किनाऱ्याच्या रस्त्याने चालू लागल्या. पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंत गाईडला काय काय ऐकवायचं ते त्यांनी ठरवलं. पाचव्या खांबापर्यंत त्यातलं निम्मं गाळलं. मत्स्यालय दिसायला लागलं तेव्हा बोलण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

मंडळी नुकतीच बाहेर येत होती. गाईड घाम पुसत म्हणाला, "मावशी, कासव पाहिलंत ना? सगळ्यांना तेच आवडतं."

"पाहिलं," सिस्टर म्हणाल्या.

खरं सांगितलं असतं तर त्याने दहादा माफी मागितली असती आणि अख्खी बस चुकचुकली असती. ते त्यांना नको होतं.

बसमध्ये त्यांच्या सीटवर दोन भरलेल्या पिशव्या होत्या, त्यांच्याच पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेल्या. डॉक्टरीणबाईंनी लगबगीने त्या उचलल्या. सीट रिकामी दिसली म्हणून ठेवल्या, असं त्या अगदी मोकळेपणाने म्हणाल्या. सिस्टरनी बाटली मांडीवर घेतली आणि राहू द्या, राहू द्या म्हणत बसल्या.

गाईड दारात आला. बँकवाले? आले. डॉक्टर? पेरं मोजून झाली, आले. जोडपं हसलं. ड्रायव्हरने चावी फिरवली.

"थांबा," सिस्टर उभ्या राहिल्या. "मला विचारायचं राहिलं."

सगळ्या माना मागे वळल्या. गाईडला वाटलं, मावशी गंमत करताहेत. तोही रंगात आला, कान पकडून म्हणाला, "चुकलंच. मावशी, तुमचे सगळे आले का?"

मागे कोणीतरी हसलं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर एकदाच टेकवला. जराही घाई न करता, थिएटरात मोजताना टेकवायच्या तसा.

"आले," त्या म्हणाल्या. "सगळे आले."