सुताराचे हात

"पलंग कापताय? डोकं फिरलंय का तुमचं?" बायको दारातच थांबली.

"दोन होतील," सुतार म्हणाला. मधोमध पेन्सिलीची रेघ मारून झाली होती. "तुला निवांत झोपता येईल."

लग्नाच्या वेळी त्यानेच बनवलेला पलंग होता तो. मग कॅन्सर आला. एक वृषण काढलं, केमो झाली, गेलेले केसही परत आले. हॉस्पिटलात ती थट्टा करायची, "आता तुम्ही पडून घ्या, पुढचा नंबर माझा." दोघंही हसायचे.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट छान आहेत. एकावरही सगळं नीट चालतं. सुरुवातीला वेळ लागेल, घाबरू नका. बायकोशी मोकळेपणानं बोला."

बोलतोय कपाळ! तो जवळ सरकला की ती पाठ फिरवायची. कपडे बदलताना कडी लावून घ्यायची. परवा अंधारात त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात जरा खाली आला, तर तिने मनगटच धरलं.

एके काळी याच हातांची ती फुशारकी मारायची. "आमच्या ह्यांना डोळे मिटूनसुद्धा फळीवरचं टेंगूळ सापडतं." स्वतःचा आजारही त्याला आंघोळ करताना बोटांनीच सापडला होता. इतका बारीक, की डॉक्टर चाट पडले.

आता तिला आपली किळस येते, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. तिचं तरी काय चुकलं? अर्ध्या माणसाशी संसार कोण करणार?

त्याने करवत उचलली. "खरं सांग, नकोसा झालोय ना मी? तसं असेल तर तू मोकळी आहेस. मी शब्दानं बोलणार नाही."

"काहीतरीच काय बोलता!"

"मग हात का लावू देत नाहीस?"

ती म्हणाली, "म्हटलं, आधी तुमचे रिपोर्ट येऊ देत."

"आले की! चांगले आले."

"हो ना," ती म्हणाली आणि रडायला लागली.

तिने त्याच्या हातातली करवत काढून खाली ठेवली. त्याचा हात धरून कपड्यांच्या आत, छातीवर नेला. किती महिन्यांनी! त्याचा ऊर भरून आला. त्याने डोळे मिटले.

डाव्या बाजूला बोटं आपोआप थांबली.

"तुमच्या ऑपरेशनच्या आधीपासून आहे," ती म्हणाली.