रकाना

निवृत्तीला तीन महिने उरले होते, तरी तांडेलबाई पिशवीतल्या रक्ताचा थेंब पेशंटच्या सीरममध्ये मिसळून काचपट्टीवर बघायच्या. रक्तपेढीतले सगळे हसायचे. यंत्र कुठलंही रक्त ओ गटाचं करून द्यायचं आणि ते सगळ्यांना चालायचं, मग तपासायचं काय?

आज मात्र थेंब नासक्या दुधासारखा फुटला.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. “बाई, बाळंतीण टेबलावर आहे. रक्त कुठंय?”

“हे देत नाही. ओ रक्तात जे असतं, तेही हिच्यात जन्मापासून नाही. बॉम्बे गट आहे. हे चढवलंत तर जाईल ती. सख्खी भावंडं असतील तर धाडा, एखाद्याचं जुळेल.”

तिघं आली. दोघा भावांच्या रक्ताच्या गुठळ्या झाल्या. धाकट्या बहिणीचा थेंब तसाच एकसारखा लाल राहिला.

सुई टोचून घेताना तिनं विचारलं, “म्हणजे माझाही गट तोच?”

“तोच. तुलाही यंत्राचं रक्त कधी चालायचं नाही. आरोग्यकार्ड दे तुझं.”

कार्डावरून गटाचा रकाना अकरा वर्षांपूर्वीच काढून टाकला होता. बाईंनी फूटपट्टी घेतली आणि तो पेनानं पुन्हा आखला.