उरलेलं औषध

"ताप उतरला तरी बाटली संपवा. अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात," आष्टीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तिसऱ्याच दिवशी लेक खेळायला लागली आणि बीएस्सी झालेल्या शिवकन्येनं 'उगाच कशाला पोरीच्या पोटात' म्हणत औषध बंद केलं. वाया नको, म्हणून उरलेली बाटली भांडी घासणाऱ्या साळूबाईच्या खोकणाऱ्या नातवासाठी देऊन टाकली.

पंधरा दिवसांत तो नातू न्यूमोनियानं जालन्याच्या दवाखान्यात पडला. "नेहमीचं औषध याला लागूच पडत नाहीय. आधी अर्धवट कुणी दिलं होतं?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. सोबत आलेल्या शिवकन्येची मान खाली गेली.

साळूबाईच पुढं झाली. "कुणीच न्हाई, साहेब."

बाहेर येताच शिवकन्येला रडू फुटलं. "मावशी, चुकलं माझं. ती बाटली आधी फेकून द्या."

"फेकू कशाला, ताई? बराबर तुमच्यावानीच केलं म्या. खोकला थांबला की बंद केलं, अन् उरलेलं शहागडला धाकट्या लेकाच्या, भुजंगच्या तान्ह्याला धाडलं."



भुजंगच्या शेजारच्या दुकानातला फोन सकाळपासून कुणी उचलत नाहीय. शहागडकडं कुणी निघाला असाल, तर त्या लेकराला तेवढं बघून या.