रुपया पडायची वाट

“पडला! रुपया परत पडला!” मोहनलालशेठनी मोबाइल गल्ल्यावर आपटला. “डॉलर नव्वदच्या वर गेला. आता तेलाचा डबा बघा, खताची गोणी बघा. बाहेरून येतं ते सगळं महागणार आणि गिऱ्हाईक शिव्या देणार मला!”

भडगावच्या पेठेत शेठच्या किराणा दुकानाचा ओटा सकाळी म्हाताऱ्यांनी भरलेला असतो. सगळ्यांनी माना हलवल्या. एकटे जीवराम नाना तेवढे उठून उभे राहिले.

“बरं झालं पडला,” नाना म्हणाले. “देवच पावला म्हणायचा!” आणि धोतर सावरत घराकडे सुटले.

ओट्यावरचे बघतच राहिले. अहो, वीज मंडळात उभा जन्म खांबावर चढलेला माणूस. पंधरा ऑगस्टला सगळ्यांच्या आधी शाळेत झेंड्याला हजर. आणि रुपया पडला म्हणून हसतो? “पोरगा अमेरिकेत आहे ना त्यांचा,” शेठ कडवट हसले. “तिकडचे तेवढेच डॉलर, इकडं येताना जास्त रुपये होऊन येतात. आपलं दिवाळं ते नानांची दिवाळी!”

हिशेब बरोबर होता, पण माणूस ओळखण्यात शेठ चुकले होते. नानांना पैशाशी काय करायचं होतं? पेन्शन दोघांना पुरून उरत होती. पोराचे, किरणचे पैसे बँकेत तसेच पडून होते. नानांना हवा होता फोन.

किरण आधी दर रविवारी फोन करायचा. मग काम वाढलं, घर झालं, फोन आटले. पैसे मात्र तो न चुकता पाठवायचा. तेही डॉलरचा रेट चांगला आला की. पाठवले की लगेच फोन करायचा. “आले का, नाना? बघून सांगा.” मग दोन मिनिटं आईशी बोलायचा. एरवी नानांनी लावला तर फोन वाजून वाजून बंद पडायचा. एकदा उचलला, तर म्हणाला, “कामात आहे नाना. रेट चढला की करतोच ना मी!”

झालं. तेव्हापासून घरात रुपया पडायची वाट बघणं सुरू झालं. नानांच्या बायकोनं, कमलबाईंनी जन्मात डॉलर पाहिला नव्हता. पण सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न तोच, त्यांच्या अहिराणीत.

“अहो, डॉलर चढना का?”

गणपतीत चढला होता. तेव्हाचा फोन शेवटचा. मग रुपया जो तटून बसला, तो हलेचना मेला! दसऱ्याला कमलबाईंना लकवा झाला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. जळगावच्या डॉक्टरांनी नानांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, “घरी न्या. ज्यांना भेटायचंय, त्यांना बोलावून घ्या.” नाना किरणला कळवायला निघाले, तर कमलबाईंनी उजव्या हातानं त्यांचं मनगट धरलं.

“लिखीसन नका धाडू. पोऱ्या घाबरी जाई. फोनवर बोलता बोलता सांगा.”

म्हणून नाना थांबले होते. आज तो दिवस आला होता. घरी येईपर्यंत त्यांनी वाक्य घोकून घोकून पाठ केलं होतं. किरण, आईला बरं नाही. मिळेल त्या विमानानं ये.

शेजारची दिपमाला आली. तिनं कमलबाईंची वेणी घातली, कुंकू लावलं. न जाणो, पोरानं व्हिडिओवर बघितलं तर? फोन चार्ज करून उशीशी ठेवला. दुपारी तो टिंग वाजला. बँकेचा मेसेज होता. पैसे जमा झाले होते.

नानांचा जीव भांड्यात पडला. “तिकडं आता मध्यरात्र असेल,” ते म्हणाले.

कमलबाईंचा अर्धा चेहरा उजळला. “झोप मोडीसन पैसा धाडात मना पोऱ्यानी,” त्या अडखळत म्हणाल्या. “आते फोन येईच.”

फोन काही आला नाही. दोघं बसून राहिली. चहा निवून गेला. नाना सारखं फोन उलटून बघत होते, आवाज बंद तर नाही ना पडला. तिकडं झोपला असेल, उठला की करेल. कमलबाई डोळा लागू देत नव्हत्या. दिवेलागण झाली, दिपमाला पुन्हा डोकावली. म्हणजे तिकडं सकाळ झाली. आणि फोन पुन्हा टिंग वाजला. या वेळी मेसेज किरणचा होता. नानांना अक्षरं दिसेनात. त्यांनी फोन दिपमालाकडे दिला.

“वाच बेटा. मोठ्यानं वाच, हिला ऐकू दे.”

दिपमालानं वाचायला सुरुवात केली. “आई-नाना, पैसे आलेच असतील. आता ॲपमध्ये रेट लावून ठेवलाय. डॉलर तिथं पोचला की पैसे आपोआप निघतात, मी झोपेत असलो तरी...” तिचा आवाज बारीक होत गेला. कमलबाईंनी उजव्या हातानं खूण केली, थांबू नको. तिनं उरलेलं वाचलं.

“तुमची कटकट मिटली बघा. आता माझ्या फोनची वाट बघत बसू नका.”